मिळालं. पाहतो.

१. माउसवरचा चहा

आईने चहाचा भरलेला कप बशीऐवजी माउसवर ठेवला, तेव्हाच भिंगरीने ओळखलं की घरात काहीतरी भयंकर घडलंय.

एरवी आई म्हणजे नाकावर माशी बसू न देणारी बाई. लिफ्टची तपासनीस. शहरातल्या दोन-सव्वादोनशे इमारतींच्या लिफ्ट तिच्या सहीवर वर-खाली होत, आणि घरही तिने लिफ्टसारखंच चालवलं होतं. जिथे तिथे भिंतीवर नियम, नियमाखाली तारीख, तारखेखाली सही. अशा बाईच्या टेबलावरून चहा ओघळून तिच्याच पायावर ठिबकत होता आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

"आई, पाय," भिंगरी म्हणाली.

"गेल्या," आई पडद्याकडे बघत म्हणाली. "सगळ्या मेल गेल्या."

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. खरं नाव शाळेच्या हजेरीपटापुरतं होतं. वय पंधरा, पाय सतत गरगर फिरणारे, आणि गेल्याच महिन्यात शाळेच्या प्रयोगशाळेतून नाहीसा झालेला हाडांचा सांगाडा तिने अडीच तासांत शोधून काढल्यामुळे सध्या ती जमिनीपासून चार बोटं वर चालत होती. ती आईच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. पडद्याच्या डाव्या बाजूला मेलच्या प्रोग्रामची यादी होती. आलेल्या-पाठवलेल्या मेल घरात ज्याच्या त्याच्या वेगळ्या, कचरापेटी मात्र सगळ्यांची एकच. आलेल्या: तीन. पाठवलेल्या: शून्य. कचरापेटी: शून्य. त्या तिनांतली एक दाताच्या डॉक्टरांची आठवण, एक ऑफिसची सुट्ट्यांची यादी आणि एक कुणा अनोळखी माणसाने आईला लागलेल्या बक्षिसाबद्दल केलेलं अभिनंदन.

बाकी अकरा वर्षांच्या मेल हवेत विरल्या होत्या.

आणि त्यातली एक अशी होती की तिच्यावाचून आईची धडगत नव्हती.

झालं होतं असं. सात महिन्यांपूर्वी आईने एका सात मजली इमारतीची लिफ्ट तपासली आणि त्याच संध्याकाळी तिथल्या व्यवस्थापकाला मेल लिहिली, की ब्रेक झिजलेत, आजपासून लिफ्ट बंद ठेवा. व्यवस्थापकाचं दोन शब्दी उत्तर आलं होतं: मिळालं. पाहतो. त्याने काय पाहिलं ते त्यालाच ठाऊक, कारण या गुरुवारी तीच लिफ्ट दोन मजले घसरली आणि तिच्यातल्या म्हाताऱ्या लिफ्टमनचा पाय मोडला. आता व्यवस्थापकाने कानांवर हात ठेवले होते. म्हणे आम्हाला अशी सूचना कधी आलीच नाही, तपासनीस बाईंनी कामात हयगय केली. सोमवारी, म्हणजे उद्याच, सकाळी दहा वाजता चौकशी होती. ऑफिसातला कॉम्प्युटर तीन महिन्यांपलीकडच्या मेल ठेवत नसे, म्हणून आई सगळ्या मेल घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची. शुक्रवारी सकाळी तिने ते उत्तर डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या दोन शब्दांच्या भरवशावर ती दोन रात्री शांत झोपली होती.

"कोणत्या फोल्डरमधून गेल्या?" भिंगरीने विचारलं.

आईने माउसवरचा कप उचलला. "जिथे ठेवल्या होत्या तिथून," ती म्हणाली आणि फडकं आणायला उठली.

हे उत्तर भिंगरीच्या मनात खडा लागावा तसं टोचलं. पण तेवढ्यात आई दारातून वळून, घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ज्याने कुणी माझ्या मेलना हात लावला असेल, त्याचं तोंडही मला बघायचं नाही. नोकरी जाईलच माझी, पण त्या लिफ्टमनचा पाय माझ्यामुळे मोडला असं जन्मभर लोक म्हणतील."

स्वयंपाकघरात कुणाच्या तरी हातातून चमचा पडला.

२. कोण, कधीपासून, कधीपर्यंत, कशासाठी

कॉम्प्युटरशेजारी खिळ्याला एक वही दोरीने टांगलेली असे. लिफ्टच्या खोलीत असते तशी. कॉम्प्युटरला हात लावण्यापूर्वी प्रत्येकाने त्यात चार रकाने भरायचे: कोण, कधीपासून, कधीपर्यंत, कशासाठी. दादा तिला कैद्यांची वही म्हणायचा. वहीच्या पुठ्ठ्यावर आईच्या टपोऱ्या अक्षरात नियम होते. एक, वेळ लिहिल्याशिवाय बसू नये. दोन, खाणंपिणं चार हात लांब. तीन, ज्याने उघडलं त्याने बंद करावं. चार, कचरापेटी भरलेली दिसताच रिकामी करावी, मला विचारत बसू नये. पाच, या वहीतलं पान फाडू नये. हे पाचही नियम दादाच्या कृपेने झालेले होते आणि पाचही दादा सोडून सगळे पाळत.

भिंगरीने वही उतरवली. शुक्रवार सकाळपासून पाच नोंदी होत्या आणि माणसं चार.

पहिली शुक्रवारी संध्याकाळी, पाच ते पाच-चाळीस: पंख्यातली धूळ. ही स्क्रूताई, कोपऱ्यावरच्या दुकानातली कॉम्प्युटर दुरुस्त करणारी. केसांच्या अंबाड्यात काट्याऐवजी स्क्रूड्रायव्हर खोचायची म्हणून तिला सगळा रस्ता स्क्रूताई म्हणत असे. बाकीच्या चार नोंदी शनिवारच्या. शनिवारी आई दिवसभर त्या अपघाताच्या इमारतीत होती, भिंगरी शाळेच्या सहलीला गेली होती, आणि कॉम्प्युटर दिवसभर मोकळा होता.

भिंगरीने बाबांपासून सुरुवात केली. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे, त्यामुळे त्यांची नोंद नऊ-सात ते नऊ-एकोणचाळीस अशी होती. डोळ्याला भिंग लावलेल्या अवस्थेतच त्यांनी जबानी दिली. त्यांना घड्याळाच्या पट्ट्यांच्या जाहिराती फार येत. शनिवारी त्यांनी चाळीस जाहिराती मोजून कचरापेटीत टाकल्या, गिऱ्हाइकाच्या एका पत्राला उत्तर दिलं आणि उठले.

"आईच्या मेलना हात लावलात?"

"तुझ्या आईच्या चपलांनासुद्धा मी विचारल्याशिवाय हात लावत नाही," बाबा म्हणाले. "लग्न टिकलंय ते उगाच नाही."

दादा पलंगावर आडवा पडून पायाच्या अंगठ्याने पंख्याचं बटण लावायचा प्रयत्न करत होता. तो कॉलेजात होता. त्याच्या दोन नोंदी होत्या, अकरा ते एक आणि सहा ते साडेसात. कशासाठी, तर दोन्हीकडे अभ्यास.

"कसला अभ्यास?" भिंगरीने विचारलं.

"गाड्यांच्या शर्यतीचा," दादा म्हणाला. नवा खेळ उतरवायचा होता, पण कॉम्प्युटर म्हणाला जागा नाही. संध्याकाळी पुन्हा बसला, तरी जागा नाही. शिवाय संध्याकाळी तो मेलचा प्रोग्राम दर पाच मिनिटांनी तोंड वर काढून काहीतरी विचारत होता, जागा करू का, मोकळी करू का, असलं काहीबाही. दादा दर वेळी 'नंतर' म्हणून मोकळा झाला. "जागा कुठून होणार? अकरा वाजता बघितलं तर चार हजार दोनशे सोळा मेलचा कचरा साठवलेला घरात. आणि पसारा करतो कोण, तर मी."

"मग तू तो काढलास का?"

दादाने तिच्याकडे खऱ्याखुऱ्या आश्चर्याने पाहिलं. "मी?"

हे उत्तर मात्र शंभर नंबरी खरं होतं. दादाने आजवर स्वतःचं ताटसुद्धा उचललं नव्हतं.

बाहेरून आईचा आवाज आला, की दादाने त्याचा त्या कॉम्प्युटरवरचा सगळा कचरा आज, आत्ता, दुपारच्या आत साफ करावा. दादाने भिंतीकडे तोंड केलं.

राहिली आत्या. बाबांची धाकटी बहीण, बत्तीस वर्षं एका वाचनालयात ग्रंथपाल होती. वाचनालय बंद पडलं, भाड्याच्या खोलीचे चार जिने गुडघ्यांना झेपेनात, म्हणून तीन आठवड्यांपूर्वी ती 'थोडेच दिवस' असं बजावून राहायला आली होती. आपला भार कुणाला होऊ नये म्हणून ती इतकी जपायची की चहा अर्धा उरलेला असतानाच कप विसळायला उठायची. तिची बॅग पलंगाखाली तशीच भरलेली होती, वर टॉवेलची घडी. घरातले नियम तिने पहिल्याच दिवशी चष्मा लावून वाचून काढले होते.

वहीत तिची नोंद होती चार ते चार-पंचवीस, मैत्रिणीला पत्र. जाताना खुर्ची आत सरकवल्याचंसुद्धा तिने लिहिलं होतं.

"आत्या, आईच्या मेलना हात लावला होतास?"

"नाही गं बाळा. दुसऱ्याच्या पत्राला मी जन्मात हात लावला नाही." बोलताना आत्या हातातला चमचा पुसत होती. तोच चमचा ती मघापासून पुसत होती.

भिंगरी गच्चीच्या जिन्यावर जाऊन बसली. सांगाड्याच्या वेळी सोपं होतं, तिघे जण खोटं बोलत होते आणि खोटं बोलणारा माणूस कुठे ना कुठे अडखळतोच. इथे कुणीच अडखळत नव्हतं. कुणीच खोटं बोलत नव्हतं, अशी तिला मनोमन खात्री होती. मग अकरा वर्षांच्या मेल काय पाय फुटून गेल्या?

घड्याळात अकरा वाजले होते. चौकशीला तेवीस तास उरले होते.

३. रद्दीचं खोकं

आईने हाक मारली. उद्या नेमणुकीचा कागद लागणार होता, माळ्यावरून काढून दे म्हणाली. "रद्दीच्या खोक्यात आहे."

भिंगरी स्टुलावर चढली. खोक्यावर चारही बाजूंनी 'रद्दी' असं लिहिलेलं होतं आणि आत घरातले सगळ्यात मोलाचे कागद होते. जन्माचे दाखले, घराचे कागद, आईची प्रमाणपत्रं. भिंगरीला यात कधी काही विशेष वाटलं नव्हतं, ती जन्मली तेव्हापासून हे असंच होतं. चोर कपाट फोडतो, रद्दीला हात लावत नाही, हे आईचं शास्त्र.

कागद हातात घेऊन ती उतरू लागली आणि एक पाय स्टुलावर, एक हवेत अशी थबकली.

पाठवलेल्या: शून्य. आई दर आठवड्याला चार-दोन मेल तरी पाठवायची. शून्य कशा असतील? कुणी आलेल्या पुसल्या म्हणावं, तर पाठवलेल्याही नेमक्या कशाला पुसेल? आणि आलेल्या नेहमीच तीन-चारच दिसायच्या. आईचं टेबल कसं, तर आरशासारखं. मग अकरा वर्षांचं सगळं ती ठेवत कुठे होती?

तिने खोलीचं दार लावलं. "आई, तू मेल कचरापेटीत ठेवायचीस ना?"

आईने आधी दाराकडे पाहिलं, मग खिडकीकडे, आणि मग अशा आवाजात बोलली, जो भिंगरीने तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. शाळेत गृहपाठ विसरलेल्या मुलीचा.

"एक बटण दाबलं की समोरून जातं," आई म्हणाली. "काम संपलं की टेबलावर राहू नये, एवढंच. तिथे सगळं आपोआप तारखेवार लागतं. हवं तेव्हा सापडतं. अकरा वर्षं सापडलं."

"मग सकाळीच का नाही सांगितलंस?"

"दोनशे इमारतींत जाऊन मी लोकांना झापते, नोंदी नीट ठेवा म्हणून. मी कुणाला सांगू, की माझं दप्तर कचरापेटीत आहे?"

भिंगरीला हसू आलं. म्हणजे म्हणूनच कुणी खोटं बोलत नव्हतं. आईच्या मेलना खरंच कुणी हात लावला नव्हता. कुणीतरी फक्त कचरा काढला होता.

आणि काढलेला कचरा परत कसा आणायचा?

ती जी सुटली ती थेट कोपऱ्यावर. स्क्रूताई रविवारी बारापर्यंत दुकानात असे. एका उघड्या कॉम्प्युटरच्या पोटात तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत होते. शुक्रवारी आपण पंखा सोडून काहीच उघडलं नाही, मेल तर नाहीच, हे तिने मान वर न करता सांगितलं. त्यावर भिंगरीचा विश्वास होताच, कारण बाबांच्या चाळीस जाहिराती शनिवारच्या होत्या आणि त्याही आता पेटीत नव्हत्या.

"ताई, कचरापेटी रिकामी केली की मेल कुठे जाते?"

"लगेच कुठेच जात नाही. निदान तुमच्या त्या जुन्या प्रोग्राममध्ये तरी नाही." स्क्रूताईने अंबाड्यातून स्क्रूड्रायव्हर उपसला. "तो आळशी आहे. यादीतल्या नावावर रेघ मारतो, पान फाडत नाही. सगळं त्याच फाइलमध्ये पडून असतं, फक्त दिसत नाही."

"मग जागा?"

"जागा कशी मोकळी होईल? पानं तशीच आहेत ना. फार साचलं की तो स्वतःच विचारतो, जागा मोकळी करू का? एकदा होय म्हटलं की पानं फाडतो. मग मी काय, माझा गुरूही काही करू शकत नाही."

भिंगरीला दादाचा पाय आठवला, पंख्याच्या बटणाकडे ताणलेला. संध्याकाळीही जागा झाली नव्हती. म्हणजे पानं जागेवर होती. रोज ओरडा खाणाऱ्या दादाने दर पाच मिनिटांनी 'नंतर' म्हणत आईची नोकरी वाचवली होती.

आणि मग तिला आईचा सकाळचा आवाज आठवला. दादाने सगळा कचरा आज, आत्ता, दुपारच्या आत साफ करावा.

भिंगरी चप्पल न घालताच धावली.

४. होय की नंतर

घरात शिरतानाच तिला दिसलं. दादा कॉम्प्युटरसमोर बसला होता. पाठ ताठ, बाह्या दुमडलेल्या, वहीत वेळसुद्धा लिहिलेली. आयुष्यात पहिल्यांदा तो सांगितलेलं काम सांगितलेल्या वेळी करत होता.

पडद्यावर मधोमध एक चौकट उघडली होती. जागा मोकळी करू का? खाली तीन बटणं. होय, नाही, नंतर. बाण 'होय'वर होता आणि दादाचं बोट माउसवर.

धावून धावून तिची छाती नुसती वर-खाली होत होती. तिने सरळ दादाच्या हातावर स्वतःचे दोन्ही हात टाकले आणि माउससकट त्याचा हात टेबलावरून उचलला. माउसची वायर ताणली गेली, बाण उडाला, दादा खुर्चीसकट मागे गेला.

"वेडी झालीस का? साफ करा तर साफ करू देत नाही."

"नको," एवढंच ती म्हणू शकली. "काही करू नकोस. तू नेहमी असतोस तसाच राहा."

पुढचा पाऊण तास सगळं घर एका कॉम्प्युटरभोवती गोळा झालं. स्क्रूताई आली. तिने आधी 'नाही' दाबलं, मग मेलच्या फाइलची एक प्रत स्वतःच्या पेनड्राइव्हवर घेतली, कारण मूळ फाइलवर हात चालवणं म्हणजे एकुलत्या एक कपड्यावर कात्री चालवणं, असं ती म्हणाली. मग त्या प्रतीवर ती रेघा पुसू लागली. आई तिच्या मागे उभी होती. भिंगरीने आईला लिफ्टच्या छपरावर उभी राहून दोरखंड तपासताना पाहिलं होतं, सात मजल्यांच्या वर, एका हाताने. तेच हात आता पदराच्या टोकाला पीळ घालत होते.

कचरापेटीसमोरचं शून्य हललं. बारा. तीनशे. अकराशे. आकडा चढत होता तशी आईची मान पुढे जात होती. एकतीसशे. चार हजार. चार हजार दोनशे नऊ.

आणि आकडा थांबला.

"चार हजार दोनशे सोळा होत्या," दादा हळूच म्हणाला. "मी बघितलं होतं."

"सातांची पानं फाटलीत," स्क्रूताई म्हणाली. "तेवढ्यावर दुसरं काहीतरी लिहिलं गेलंय. कोणत्या सात, ते शोधल्याशिवाय कळणार नाही."

आईने स्वतः खाली वाकून त्या इमारतीचं नाव टाइप केलं. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा बरोबर आलं. कॉम्प्युटर शोधत राहिला, पडद्यावर ते छोटं वर्तुळ फिरत राहिलं, आणि बाबांनी आजवर कुठल्याच घड्याळाकडे पाहिलं नसेल तसं त्या वर्तुळाकडे पाहिलं.

दोन ओळी आल्या. वर आईची सूचना, तारखेसकट. खाली उत्तर.

मिळालं. पाहतो.

आई मटकन शेजारच्या खुर्चीत बसली. खुर्चीत दादा होता, हे तिच्या लक्षात आलं नाही.

५. चार ते चार-पंचवीस

जीव भांड्यात पडल्यावर सगळ्यांना भूक लागली, पण भिंगरीला वेगळीच भूक होती. तपास अजून पुरा व्हायचा होता. आणि आता उत्तर तर हातातच होतं.

बाबांनी सकाळी जाहिराती टाकल्या, म्हणजे तेव्हा पेटी भरलेली. दादाने अकरा वाजता चार हजार दोनशे सोळाचा आकडा पाहिला, म्हणजे तेव्हाही भरलेली. संध्याकाळी सहाला दादा बसला आणि प्रोग्राम जागा मोकळी करू का विचारू लागला. याआधी त्याने असं कधीच विचारलं नव्हतं, कारण याआधी कुठल्या नावावर रेघच नव्हती. म्हणजे पेटी रिकामी झाली ती एक ते सहाच्या मध्ये. त्या वेळात वहीत एकच नोंद होती. आणि आपल्या येण्याजाण्याची वेळ न लिहिता त्या कॉम्प्युटरला हात लावेल असं घरात दादाशिवाय कुणी नव्हतं.

भिंगरीने मनात भाषण जुळवलं. सगळ्यांना जेवणाच्या टेबलाभोवती बसवायचं, वही मधोमध ठेवायची, एकेकाला निर्दोष सोडत जायचं आणि शेवटी बोट वळवायचं. सांगाड्याच्या वेळी टाळ्या पडल्या होत्या. ती आत्याला बोलवायला आत्याच्या खोलीकडे गेली.

बॅग पलंगावर होती. टॉवेल आत गेला होता. आत्या चष्म्याचं घर कुठे ठेवावं ते सुचत नसल्यासारखी ते हातात घेऊन उभी होती.

"पत्र लिहायला बसले तर कडेला एवढा मोठा आकडा," आत्या म्हणाली. तिने भिंगरीकडे पाहिलं नाही. "कचरापेटी, आणि पुढे चार हजार. वहीवर लिहिलंय ना, दिसताच रिकामी करावी. विचारत बसू नये. मला वाटलं, तेवढाच वहिनीला माझा उपयोग."

"आत्या, तुला सकाळीच कळलं होतं का?"

"नाही गं. वहिनी ओरडली तेव्हा नुसता धसका बसला होता. ती दुरुस्तीवाली आली, तेव्हा कचरापेटीचं बोलणं कानावर आलं. तेव्हा कळलं." तिने चष्म्याचं घर बॅगेत ठेवलं आणि लगेच बाहेर काढलं. "तोंड बघायचं नाही म्हणाली वहिनी. बरोबरच आहे तिचं."

भिंगरीचं भाषण होतं तिथेच विरघळलं. तिला एकदम टाळ्यांची लाज वाटली. चार बोटं वर असलेले तिचे पाय जमिनीला लागले. मागे चाहूल लागली म्हणून तिने वळून पाहिलं. दारात आई उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिच्या हातात खिळ्यावरून काढलेली वही होती, दोरी जमिनीवर लोळत होती.

आई आत आली, पलंगावर बॅगेशेजारी बसली आणि पेनाने पुठ्ठ्यावरच्या चौथ्या नियमावर आडवी रेघ मारली. मग तिने आतलं पान उघडलं आणि लिफ्टच्या अहवालात लिहायची तसं लिहायला लागली. लिहून झाल्यावर वही आत्याच्या हातात दिली. भिंगरीने आत्याच्या खांद्यावरून वाचलं.

रविवार, दुपारी एक-दहा. अपघाताचं कारण: तपासनिसाने महत्त्वाचा ऐवज कचऱ्यात ठेवला आणि कचरा काढण्याचा लेखी हुकूम स्वतःच दिला. वापरणाऱ्याने नियम तंतोतंत पाळला. दोष तपासनिसाचा. खाली तारीख आणि सही.

"तो नियम टेबलाखालच्या कचरापेटीसाठी होता, पण तसं मी लिहिलंच नाही. सकाळी मी तोंडाला येईल ते बोलले, वन्सं," आई म्हणाली. "घरात एकच माणूस माझे नियम वाचतं, आणि तेच बॅग भरतंय."

आत्याने चष्मा काढून पुसला. पुसतच राहिली.

"मग उद्यापासून या मेल ठेवणार कुठे?" ती शेवटी म्हणाली, आणि तिच्या आवाजात बत्तीस वर्षांच्या ग्रंथपालाची किंचित कडक धार आली. "पुन्हा कचऱ्यात?"

६. एक रिकामा रकाना

सोमवारी आई दहाच्या चौकशीला गेली ती दोन वाजले तरी आली नाही. बाबांनी एकच घड्याळ तीनदा उघडलं आणि तीनदा बंद केलं. दादाने न सांगता ताट उचललं, यावरून घरातली काळजी किती होती ते समजावं. भिंगरी शाळेतून आली ती जिन्यातच बसून राहिली.

तीनला खाली फाटक वाजलं. आई जिना चढून येत होती, सावकाश, आणि हातातली पर्स झुलवत. पर्स झुलवणारी आई भिंगरीने याआधी पाहिली नव्हती.

आईने चहा घेता घेता सगळं सांगितलं. व्यवस्थापकाने आधी पुन्हा कानांवर हात ठेवले. मग आईने त्या मेलचा छापील कागद पुढे सरकवला. चौकशीच्या साहेबांनी ते दोन शब्द एकदा मनात वाचले, एकदा मोठ्याने वाचले, आणि व्यवस्थापकाला विचारलं, की मिळालं हे ठीक, पण पाहिलं काय? आईवरचा ठपका पुसला गेला, त्याच्यावरची कारवाई सुरू झाली. येताना आई दवाखान्यात जाऊन लिफ्टमनला भेटून आली होती. ती लिफ्ट बंद ठेवायला कुणी तरी आधीच सांगितलं होतं हे त्याला आज पहिल्यांदा कळलं. तो खूप वेळ आईचा हात धरून होता, एवढंच तिने सांगितलं.

कप तिने बशीत ठेवला.

तोवर आत्या कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली होती. शेजारी कागदावर तिने रविवारीच आखून ठेवलं होतं, इमारतीवार फोल्डर, त्यात वर्षवार, सूचना वेगळ्या, उत्तरं वेगळी. चार हजार दोनशे नऊ मेल लावायच्या होत्या आणि पहिल्या बारा त्याच दिवशी लागल्या होत्या. तिने वही ओढून घेतली. आत्या, चार वाजल्यापासून, असं लिहिलं आणि पेन तसंच धरून आईकडे पाहिलं.

"वहिनी, हे काम काही आजच्यात संपायचं नाही. 'कधीपर्यंत'मध्ये काय लिहू?"

आईने पहिला नियम पाहिला, आत्याकडे पाहिलं, आणि वही हळूच मिटून खिळ्याला लावली.

"राहू द्या तो रिकामा," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी भिंगरी आत्याच्या खोलीत टॉवेल ठेवायला गेली, तेव्हा पलंगाखाली बॅग नव्हती. ती माळ्यावर गेली होती, रद्दीच्या खोक्याशेजारी.